ज्या घरात शेअरचं नाव काढायचं नव्हतं

आप्पा, मी शेअर घेतलेत. तुम्ही असतात तर हे वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझेच केस पांढरे झाले, तरी हे लिहायच्या आधी मी एकदा दाराकडे बघून घेतलं. घरात कुणी नाही. लेक लातूरला शिकायला आहे आणि तिचे वडील गेल्याला दोन पावसाळे होऊन गेले. अंबाजोगाईच्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथून दुपारी येऊन कुकर लावला आणि तुम्हाला लिहायला बसले.

घाटनांदूरच्या स्टेशनावर तुम्ही पॉइंट्समन होतात. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते बघून सांधा बदलायचा, त्याला कुलूप घालायचं आणि मग झेंडी दाखवायची. मी डबा घेऊन यायचे तेव्हा बघायचे, कुलूप घालून तुम्ही थोडं पुढं यायचात आणि परत मागं जाऊन ते हातानं ओढून बघायचात. एकदा मला हसू आलं. तुम्ही रागावला नाहीत. "भ्या वाटलं की मागं जाऊन हात लावून बघायचं. त्यात लाज कशाची?" एवढंच म्हणालात आणि डबा उघडलात.

मी आठवीत असेन, तेव्हा स्टेशनावर सगळ्यांनाच शेअरचं वेड लागलं होतं. मास्तर फॉर्म आणायचे, पार्सलच्या खोलीत बसून लोक पेपरातले भाव मोठ्यानं वाचायचे. तुम्हीही घेतलेत, सागाची झाडं लावणाऱ्या कुठल्याशा कंपनीचे. ते रंगीत कागद घरी आले तेव्हा आईनं त्यांना हळदकुंकू वाहिलं. पुढं त्या कंपनीचा भाव पेपरात दिसायचा बंद झाला आणि तुम्ही रजा काढून कंपनीच्या पत्त्यावर मुंबईला गेलात. परत आलात ते सरळ स्वयंपाकघरात. त्या पत्त्यावर कपडे शिवायचं दुकान होतं म्हणालात. आईनं पुढं ठेवलेल्या चहावर साय धरली, तरी तुम्ही कप उचलला नाहीत, कारण तुमचे हात थरथरत होते आणि ते आम्हाला दिसू नयेत म्हणून तुम्ही ते मांडीखाली धरले होते. मला दिसले, आप्पा. मग तुम्ही म्हणालात, "आजपसून या घरात शेअरचं नाव काढायचं न्हाई." आईनं मान हलवली, मीही हलवली. त्या दिवशी माझ्यात जे शिरलं ते आजतागायत निघालेलं नाही.

तुमचे जावई अचानक गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि माझ्याच दवाखान्यात माझ्यासमोर गेले. त्यांच्या नोकरीचे पैसे माझ्या खात्यात आले आणि तसेच पडून राहिले. मी त्यांना हात लावायला भीत होते. ते कुठं गुंतवायचे हे मला ठाऊक नव्हतं आणि तसेच ठेवले तर महागाई त्यांना आतून पोखरते, हे दवाखान्यातले सगळे सांगत होते. लेकीचं शिक्षण, माझं म्हातारपण, सगळं त्या एका खात्यावर उभं होतं. बँकेचा मेसेज आला की मी तो न उघडताच फोन पालथा ठेवायचे.

माझे दीर तुम्हाला आठवतील. लग्नात तुमच्यामागं लागून त्यांनी स्टेशन बघून घेतलं होतं. आता सिरसाळ्यात त्यांचं खताचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. एक दिवस ते एका माणसाला घेऊन घरी आले. सगळे त्याला 'सर' म्हणायचे. परळीत त्याचं काचेचं ऑफिस होतं, भिंतीवर टीव्ही आणि त्यावर धावणारे आकडे. लोकांचे पैसे तो शेअर बाजारात लावायचा आणि दर महिन्याला ठरलेला परतावा घरपोच द्यायचा. पैसे देणाऱ्या सगळ्यांना त्यानं बस करून कपिलधारला दर्शनाला नेलं होतं, जेवण घातलं होतं. देवाधर्माचा माणूस हाय, दीर मला सांगत होते. मग हसत म्हणाले, "वहिनी, पैसा बँकेत ठेवून त्याचं लोणचं घालायचं हाय का?" मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. माझे हात मी पदरात गुंडाळले होते. मी विचार करून सांगते म्हणाले.

त्याच सुमारास आमच्या दवाखान्याच्या सभागृहात कर्मचाऱ्यांसाठी एक वर्ग झाला, नव्यानं गुंतवणूक करणाऱ्यांसाठी. लातूरहून एक मुलगी आली होती, माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. मी अगदी दाराजवळच्या खुर्चीत बसले, उठून जाता यावं म्हणून. ती म्हणाली, शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा तुकडा. कंपनी चालली तर तुकड्याला किंमत, बुडाली तर नाही. आता कागद नसतात, आपल्या नावाचं डीमॅट खातं असतं, बँकेत लॉकर असतो तसं, आणि घेतलेले शेअर त्यातच राहतात. एकाच कंपनीत सगळं घालण्यापेक्षा म्युच्युअल फंडातून पुष्कळ कंपन्यांचे थोडे थोडे तुकडे घेता येतात. घरखर्चाचे काही महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढायचे, लवकर लागणारे पैसे बाजारात घालायचेच नाहीत. आपले पैसे आपल्या बँक खात्यातून सरळ आपल्याच नावाच्या खात्यात गेले पाहिजेत, कुणा माणसाच्या खात्यात नाही. आणि शेवटी ती थांबली आणि म्हणाली की बाजारात ठरलेला नफा कुणीच देऊ शकत नाही. जो देतो म्हणतो, त्याच्यापासून दूर राहा. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे त्याची नोंद आहे का, ते विचारा.

मी दाराजवळून उठले नाही, पण भीती कमी झाली म्हणून नाही. उलट ती वाढली. तोवर मला वाटायचं, बाजार म्हणजे एकच काळा खड्डा. आता कळलं की त्यात पायऱ्या आहेत आणि कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा हे माझं मलाच ठरवायचं आहे.

दिरांचा आग्रह सुटेना म्हणून मी परळीला त्या ऑफिसात गेले. तिथं गार हवा होती, पाणी आलं, पेढे आले. सरांनी मोबाइलवर खूप हिरवे आकडे दाखवले. मला घाम फुटला होता. मी विचारलं, पैसे कुणाच्या खात्यात टाकायचे? माझ्याच खात्यात टाका, म्हणाला, मी बघतो सगळं. मी म्हटलं, शेअर माझ्या नावावर दिसतील का? तो हसला. "ताई, एवढा अविश्वास असंल तर राहू द्या. गर्दी लई हाय माझ्याकडं." दिरांनी मान खाली घातली. मी उठले, चप्पल घातली, अर्धा जिना उतरले आणि परत वर गेले, कारण मला एकदा नीट विचारायचं होतं की तुमची नोंद कुठं आहे. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. खाली रस्त्यावर आल्यावर दीर म्हणाले, माणसासमोर माझी इज्जत घालवली तुम्ही. त्यानंतर ते घरी यायचे थांबले.

पुढचे महिने वाईट गेले. दिरांना दर महिन्याला सरांकडून पैसे येत होते. त्यांनी नवी मोटारसायकल घेतली, जाऊबाईंना गंठण केलं, आणखी काही दुकानदारांना सरांकडे नेलं. मला आता उलटी भीती वाटू लागली, की मी लेकीच्या वाट्याचं घालवलं. मग घाबरत घाबरत मी माझं डीमॅट खातं काढलं. पॅनकार्ड, आधार, फोनसमोर चेहरा धरून फोटो. वारसाच्या रकान्यात लेकीचं नाव लिहिताना बोट अडखळलं. मोठ्यात मोठ्या कंपन्या एकत्र असलेल्या एका फंडात दर महिन्याला थोडे पैसे जातील असं केलं. काही दिवसांनी मोठ्या धीरानं एका कंपनीचे मूठभर शेअरही घेतले, जिचं सलाइन आम्ही वॉर्डात रोज लावतो. त्या दिवशी घरी येऊन मी आधी तुमच्या फोटोकडे पाठ केली.

आणि बाजार पडला. रोज लाल आकडे. दवाखान्यात मॉनिटरवरचा आकडा खाली गेला की आम्ही धावतो. तिथं धावणं हेच काम. इथं म्हणे आकडा खाली गेला की बसून राहायचं. ते मला जमेना. ड्यूटीवर औषधांच्या ट्रेमागं फोन लपवून मी बघत राहायचे. शेवटी सलाइनवाल्या कंपनीचे निम्मे शेअर तोट्यात विकून टाकले आणि चेंजिंग रूममध्ये जाऊन बसले. पुढं भाव परत वर आले. त्या मुलीनं हे सगळं सांगितलं होतं, पण ऐकणं आणि सोसणं यात फार अंतर आहे.

मग एका दुपारी जाऊबाईंचा फोन आला. परळीचं काचेचं ऑफिस बंद होतं, बाहेर माणसं जमली होती, सरांचा फोन लागत नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, ह्येंनी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलंय. हाका मारल्या तर वो देईनात."

आप्पा, मी नर्स आहे. त्या दुकानात कपाटभर काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि ते पोटात गेलेली माणसं कशी येतात हेही. मी जाऊबाईंना म्हटलं, शेजाऱ्यांना बोलवा, शटर उचकटा, थांबू नका. भाड्याची जीप केली. परळी कधी मागं पडली कळलं नाही. मी सारखी फोन लावत होते आणि कुणी उचलत नव्हतं, आणि न उचलण्याचा अर्थ माझ्या डोक्यात एकच येत होता. सिरसाळ्याच्या वेशीवर मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू घ्या. मला पोचायची भीती वाटू लागली होती.

शटर उघडलेलं होतं. दीर खताच्या पोत्यांवर बसले होते, डोळे उघडे, हातात काही नाही. मी त्यांचा श्वास हुंगला, नाडी धरली, डोळ्यांत बॅटरी मारली. काही घेतलेलं नव्हतं. शेजाऱ्यांना जरा बाहेर थांबायला सांगून मी त्यांच्याशेजारी बसले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुमाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "कळलं नव्हतं भावजी. भ्याले होते."

ते तेव्हा रडायला लागले. लोकांचे पैसे गेले, कोणाला तोंड दाखवू, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांना उठवलं, दुकानाच्या किल्ल्या जाऊबाईंकडे दिल्या आणि त्यांना आमच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. काही आठवडे ते माझ्याकडेच राहिले. पोलिसात तक्रार दिली, बाकीच्या दुकानदारांबरोबर जाऊनच दिली. पैसे आलेले नाहीत, येतील असं वाटतही नाही. गोळ्या चालू आहेत. दुकान पुन्हा उघडलंय. मोटारसायकल विकली. ते आता मला फोन करतात आणि जेवलात का विचारतात. फोन वाजला आणि सिरसाळ्याचा नंबर दिसला की अजून मी आधी हातातलं काम खाली ठेवते आणि मगच उचलते.

तुम्ही मुंबईहून आलात त्या दिवसाबद्दल मी हल्ली पुष्कळ विचार करते. तुम्ही बाजाराला भ्यालात आणि आम्हालाही भ्यायला लावलंत, पण बाजार आणि तो खोटा पत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सांगणारं तुम्हाला कुणी भेटलं नाही. स्टेशनावर नाही, घरातही नाही. तुम्ही एकटेच होतात. भांडायचं म्हणून हे लिहीत नाही. वाईट वाटतं.

काल जाऊबाई आल्या होत्या. त्यांनी दोन म्हशी घेतल्यात, डेअरीचे पैसे आता त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतात. स्वयंपाकघरात बसल्या आणि म्हणाल्या, आता कुणाच्या भरवशावर न्हाई राहायचं, तुमी जे केलं ते मला शिकवा. मी त्यांना सगळं सांगितलं, त्या मुलीनं सांगितलं होतं तसंच, पायरीपायरीनं. आधी म्हशींच्या आजारपणाचे पैसे बाजूला, मग बाकीचं. बाजार पडणार हेही सांगितलं. मी निम्मे विकून पस्तावले तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फोनवर बोट टेकवायच्या आधी त्या थांबल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमाला भ्या वाटत न्हाई का आता?"

मी न्हाई म्हणाले, आप्पा. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले. ते खोटं होतं.