एकेचाळिसावा भाग

यवतमाळ,
दि. ५ जुलै २०२५

ती. सत्यशीला आत्यास,

सविनय जयभीम. तुझी तब्येत ठणठणीत असणार, ती विचारण्यात तुझा वेळ घेत नाही.

परवा माझी श्रामणेर दीक्षा आहे. वर्षावासाचे तीनही महिने वणीच्या पुढे टेकडीवरच्या विहारात राहीन. फोन पहिल्याच दिवशी जमा करायचा असतो. पत्राला मनाई नाही. म्हणून 'सांजवाचन'चा कारभार तुझ्या हाती देतो आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी कारभार सोपवताना पहिल्यापासून सांगावं. २०२० साली गावच्या विहाराला कुलूप लागलं आणि वर्षावासातलं ग्रंथवाचन थांबायची वेळ आली, तेव्हा मी ही वेबसाइट घाईघाईत लिहिली. ग्रंथाचे नव्वद भाग, गावची नव्वद माणसं, नव्वद संध्याकाळी. दिग्रस, महागाव, पुणे, सुरत, जो जिथे असेल तिथून सात वाजता येतो. पंचशील होतं, ज्याची पाळी तो आपला भाग वाचतो, बाकीचे ऐकतात. पुढे विहार उघडलं, तरी हे कुणी बंद करू दिलं नाही.

आषाढ पौर्णिमेला सकाळी 'पाळ्या काढा' हे बटण दाबायचं, मशीन चिठ्ठ्या टाकतं. त्यापलीकडे काही करावं लागत नाही. आत डोकावलीस तर काही ओळी विचित्र दिसतील. चालतंय ते चालू दे.

दुसऱ्या कुणाला देता आलं असतं. पण गणितात बी.एस्सी. झालेली आणि सत्तरीला टेकल्यावर माझ्या शेजारी बसून कोड शिकलेली आत्या एकच आहे. तुझा लोभ रागावण्याच्या रूपाने मिळतोच, तसाच मिळत राहावा.

तुझा,
संघदीप


दिग्रस,
दि. १४ जुलै २०२५

आदरणीय श्रामणेर यांस,

चिवरास त्रिवार वंदन. चिवराच्या आतल्या चि. संघदीपला अ. उ. आ. आहेतच; वंदन झालं, आता कान पकडते.

तुझं सगळं कोड मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. सदतीस पानं. लाल पेनाने तपासली. चौतीस वर्षं दहावीचे गणिताचे पेपर तपासले, पण एवढा गिचमिड पेपर हाती आला नव्हता. एकाच गोष्टीला तीन नावं. 'नंतर बघू' असं लिहिलेल्या पाच जागा, पाच वर्षांत एकही बघितलेली नाही. त्या मी पाहिल्या. महागावकडे आवाज तुटत होता. आता नेट कमी असलं की तो बारीक होतो, पण पूर्ण पोचतो. अक्षर मोठं करायचं बटण तळाशी दडवलं होतंस, ज्यांना ते हवं त्यांना तिथवर दिसतच नाही. ते वर आणलं.

आणखी एक केलं. पाळ्यांच्या फाइलमध्ये चौदा ओळी निघाल्या, माणसांच्या नावानिशी. लोहाऱ्याच्या कारखान्यातल्या आयुषला रात्रपाळीच्या आठवड्यात वगळायचं. पुण्याच्या ममताला सहा मिनिटांऐवजी अकरा मिनिटं. आणि माझ्या शाळेसमोरच्या कांताबाईला दर वर्षी एकेचाळिसावाच भाग, चिठ्ठी काही का निघेना. एकाही ओळीला टीप नाही. विहारात सगळे एका सतरंजीवर बसतात, तिथे कुणाला वेगळा पाट नसतो. वशिला चिठ्ठीत शिरला तर चिठ्ठी कशाला? चौदाही ओळी काढल्या आणि मग बटण दाबलं. कांताबाई तर दर वर्षी तोच भाग वाचूनही एक वाक्य त्याच जागी दोनदा वाचते. मी दर वर्षी लिहून कळवते, उत्तर नाही. नवा भाग मिळाला की लक्ष तरी देईल.

एक कबूल करते. कारभाऱ्याच्या पानावर नव्वद ठिपके असतात, हे तू बोलला नव्हतास. पौर्णिमेला सातला पाच कमी असताना बसले. आधी दिग्रसचे तीन हिरवे झाले, मग सुरतेचा, मग पुण्याचे एकामागून एक. सात वाजता एकही राखाडी उरला नाही. 'बुद्धं सरणं गच्छामि' पहिल्या वेळी नव्वद घरांतून मागेपुढे होत आलं. तिसऱ्या वेळी एकत्र आलं. मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ घातला नाही. घाईघाईत लिहिलेल्या सदतीस पानांत एवढं मावतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी पुरावा मागितला असता.

ध्यानात पेंगू नकोस. लोभ मोजून देऊ नकोस.

तुझी,
सत्यशीला आत्या


टेकडीवरचं विहार,
दि. १८ जुलै २०२५

ती. आत्यास,

सविनय जयभीम. तुझं पत्र आज हाती आलं. इथे पोस्टमन दोन दिवसांआड चढतो.

महागावचा आवाज जोडलास, ते वाचून आनंद झाला. पण आधी हे कर: कांताकाकूंची ओळ परत घाल. कारण विचारू नकोस. मी शब्द दिला आहे. तो मोडता येत नाही, आणि या वस्त्रात गोल गोल बोलताही येत नाही. टीप लिहिली नव्हती ती आळसाने नव्हे. टीप लिहिली असती तर शब्द तिथेच मोडला असता.

चूक माझी आहे. नावांच्या ओळींना हात लावू नकोस, एवढं तरी म्हणायला हवं होतं. वाटलं, डोकावलीस तरी त्या तशाच ठेवशील. आत्याला ओळखायला पस्तीस वर्षं कमी पडली.

काकूंचा नवा भाग कोणत्या दिवशी आहे ते तू लिहिलं नाहीस. अजून आला नसेल, एवढीच आशा. तुझी माया आणि तुझी घाई, दोन्ही ठाऊक असलेला,

संघदीप


दिग्रस,
दि. २४ जुलै २०२५

चि. संघदीपस,

अ. उ. आ. मागच्या पत्रातलेच पुरवून घे. तुझं पत्र बावीसला आलं. कांताबाईची पाळी एकवीसला होऊन गेली होती.

बारावा भाग होता. सात वाजता तिचा ठिपका हिरवा होता. पंचशील झालं, तिच्या फोनवर पान उघडलं आणि पुढे काहीच नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं की खालचं बटण दाब. मग सांगितलं की पहिल्या ओळीपासून सुरुवात कर. मग, लिहितानाही लाज वाटते, पहिला शब्दही मीच सांगितला, वर्गात अडलेल्या पोरीला सांगतात तसा. नव्वद घरं ऐकत होती. ठिपका राखाडी झाला. तिचं नेट गेलं असं म्हणून तो भाग मी वाचून टाकला. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून तिचा निरोप आला की डोळ्याचा त्रास आहे, नाव कायमचं काढून टाका.

मग तुझं पत्र. मी काढलेल्या ओळींची ती पानं पुन्हा घेतली आणि लाल पेन न घेता वाचली. ममता बोलताना अडखळते, हे मला ठाऊक होतं; तिला सहा मिनिटांचं वाचन अकरा मिनिटं लागतं, हे तू घड्याळ लावून ऐकलं होतंस. मग कांताबाईची ओळ. पाच वर्षं एकच भाग, एकच वाक्य दोनदा, एकाच जागी. अक्षरं वाचणारा माणूस इतका नेमाने चुकत नाही. मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले.

काल तिच्याकडे गेले. ओट्यावर अंबाडीची भाजी खुडत होती. मी काही विचारलं नाही, समोर बसून खुडायला लागले. जुडी संपत आली तेव्हा तीच बोलली: "तुमच्यापासूनच त लपवलं होतं, बाई. बाकीच्यायले कळलं असतं त मी हसून घेतलं असतं."

तिचं दार माझ्या शाळेच्या फाटकासमोर. चौतीस वर्षं मी त्या फाटकातून आत गेले आणि बाहेर आले.

तिचे यजमान देवराव हयात असताना विहारात हा भाग दर वर्षी तेच वाचायचे, ही बाजूला बसायची. बावीस वर्षांत ऐकून ऐकून चार पानं पाठ झाली. देवरावांना पान उलटताना मागचं वाक्य पुन्हा म्हणायची सवय होती. ती सवयही हिच्या पाठात आहे. म्हणजे पाच वर्षं मी चूक काढत होते ती देवरावांच्या पान उलटण्याची.

मी अर्थात म्हणाले की उद्यापासून येते, तीन महिन्यांत वाचायला शिकवते. ती म्हणाली, "पान पाहून वाचाले लागली त मले त्याहिचा आवाज आयकू येनार नाही."

शिकवणीचं मी तिथेच सोडलं. पुढच्या महिन्यात एकेचाळिसाव्या भागाला ये म्हटलं, तर तिने भाजी धुवायला घेतली. तू तिला काय सांगितलं होतंस ते कळव. या वेळी मी ऐकणार आहे.

तुझी,
आत्या


टेकडीवरचं विहार,
दि. ३० जुलै २०२५

ती. आत्यास,

सविनय जयभीम. काकूंनीच सांगितलं, म्हणजे मी मोकळा झालो.

२०२० साली मी घरोघरी जाऊन फोनवर पान लावून देत होतो. काकूंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या की एकेचाळिसावा असेल तर येते, नाहीतर माझं नाव घेऊ नको. तुझी आत्या ऐकते, तिच्यापुढे मला उघडं पाडू नको, असंही म्हणाल्या. मी म्हणालो की मशीनला सांगून ठेवतो, मशीन कुणाला सांगत नाही. त्या हसल्या आणि अंगठ्याने हिरवं बटण दाबून पाहिलं.

मशीनचं नाव मी उगाच घेतलं होतं. आता मशीनच्या जागी तू आहेस. त्या येतील की नाही, हे तुझ्यावर किती भरवसा बसतो त्यावर आहे.

संदेशांच्या फाइलमध्येही नावाची एक ओळ आहे. तिथवर पोचली नसशील. पोचलीस की पत्र टाकू नकोस, मी आधीच हात जोडून बसलो आहे.

तुझ्या मायेचा कर्जदार,
संघदीप


दिग्रस,
दि. २० ऑगस्ट २०२५

चि. संघदीपस,

अ. उ. आ. प्रकृती उत्तम. तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी संदेशांची फाइल काढली. ओळ सापडली. सत्यशीला यांची दुरुस्ती असेल तर वाचन संपल्यावर दहा मिनिटं थांबवून ठेवायची, आणि मधे त्यांनी पुसली तर पुसू द्यायची. मी पाच वर्षं समजत होते की दिग्रसचं नेट संथ आहे. तक्रार करायला दोनदा ऑफिसातही गेले होते.

आधी राग आला. मग मी सदतीसही पानं परत पहिल्यापासून वाचली. गणितात एखादी सिद्धता पाच ओळींत सुटली की शाळेत असताना माझ्या अंगावर काटा यायचा. तसाच आला. नव्वद माणसं कुठे अडतात आणि कुठे लाजतात, हे तू कुणाला न सांगता त्यात लिहून ठेवलं आहेस. मी त्याला गिचमिड म्हणाले होते.

चौदाही ओळी परत घातल्या. कांताबाईच्या ओळीवर टीप लिहिली: 'ही ओळ काढू नये. कारण शोधू नये.' एकेचाळिसाव्याची चिठ्ठी आयुषला निघाली होती. त्याला माझी त्रेसष्टावी पाळी दिली. त्याने कारण विचारलं तर मी म्हणाले, मशीनचं काम निघालं आहे. तू तुझी शीलं सांभाळ. माझं एक थोडं वाकलं.

कांताबाईकडे तीनदा गेले. वाचनाचा शब्दही काढला नाही. पहिल्या वेळी चहा मिळाला. दुसऱ्या वेळी तिने विचारलं की मशीनमध्ये आता कोण पाहते. मी म्हणाले, मीच. तिसऱ्या वेळी निघताना विचारलं की मशीन कुणाला सांगत तर नाही ना. मी म्हणाले, सांगत नाही. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांपुढेही मी कधी अशी उभी राहिले नव्हते.

काल एकेचाळिसावा दिवस होता. सातला दोन मिनिटं कमी असताना एकोणनव्वद ठिपके हिरवे. तिचा राखाडी. मी त्रिसरण सुरू केलं नाही. सगळ्यांना वाटलं माझं नेट गेलं. ठीक सातला नव्वदावा हिरवा झाला.

मी ग्रंथ उघडून पुढ्यात ठेवला होता. पहिल्या पानानंतर बंद केला. तिचा आवाज बारीक आहे, पण थांबण्याच्या जागा, खाली उतरायच्या जागा, सगळ्या देवरावांच्या होत्या. आधी मी कधी ऐकल्याच नव्हत्या, चुकीची वाट पाहत बसायचे. तिसऱ्या पानाच्या शेवटी तिने ते वाक्य दोनदा म्हटलं. मला पान उलटल्याचं ऐकू आलं. तिच्या हातात पान नव्हतं.

वाचन संपलं. नव्वद घरांतून 'साधु, साधु' आलं. आणि माझ्या हाताने चौतीस वर्षांच्या सवयीने लिहिलं, 'एक वाक्य दोनदा झालं', आणि पाठवूनही दिलं. मग मी पाहिलं काय केलं ते. घड्याळ पुढे ठेवून बसले. संदेश मशीनच्या पोटात होता, कुणाला दिसत नव्हता. आठव्या मिनिटाला तो पुसला.

तुझी ती ओळ मी काढलेली नाही. फक्त दहाच्या जागी पंधरा केले आहेत.

आश्विन पौर्णिमेला उतरून ये, अंबाडीची भाजी कांताबाईकडे आहे. लोभ होता तेवढाच असावा. वाढला तर मला सवय नाही.

तुझी,
सत्यशीला आत्या