दादांचं भाषण रांगेत आहे

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे अर्धाच घातला आहे, उरलेला मनोभावे). तुमचा खोकला आता वहिनींची झोप मोडत नसेल अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक. तुमच्या मातोश्री, म्हणजे माझ्या सासूबाई, अगदी ठणठणीत आहेत, आणि या पत्राचं मूळ तेच आहे.

निवृत्तीच्या समारंभातल्या तुमच्या भाषणाची फिल्म तुम्ही पाठवलीत, तेव्हा ती उतरवून घ्यायला मी लगेच बसलो होतो. पण फाइल भलीमोठी, आणि ती उतरायला लागली की तुमच्या बहिणीचा ऑनलाइन शिवणवर्ग थिजतो (तिची सुई हवेत, आणि तिकडून बायका विचारतात, "पुढे काय?"). म्हणून मी डाउनलोड सांभाळणारा एक प्रोग्राम बसवला. जन्मभर कचेरीत आवक-जावक पाहिलेला माणूस मी. रांग लावणं म्हणजे हातचा मळ. वेळ ठेवली दुपारच्या झोपेची आणि क्रम लावला मानाने. आईंचे विणकामाचे व्हिडिओ पहिले, मग तुमच्या बहिणीचे नमुने, मग मुलीचे धडे, आणि नियम करणाऱ्याने शेवटी उभं राहावं म्हणून माझ्या नावावरची तुमची फिल्म सर्वांत मागे.

आईंचा स्वेटर काही संपेना. एका बाहीचे इतके भाग असतात हे मला ठाऊक नव्हतं. अखेर रांग सरकली, फिल्म निम्मी उतरली, आणि आई झोपेतून उठल्या. कॉम्प्युटरसमोर कुणी बसलेलं नाही, मग हा चालू कशाला, असं म्हणून त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. फाइल पुन्हा पहिल्यापासून. मी 'बंद करू नये' अशी पाटी लावली. ती त्यांनी वाचली, पण त्यांच्या मते ती मुलीसाठी होती. तेव्हापासून हे रोज चाललं आहे. बोलावं तर त्या तुमच्या आई. न बोलावं तर तुम्ही फोनवर विचारता, भाषण कसं वाटलं, आणि मी सांगतो, शेवटी गलबलून आलं. तुम्हीही म्हणता, "हो ना, तो भाग फिल्ममध्ये अगदी स्वच्छ ऐकू येतो." दादा, मी ती फिल्म पाहिलेली नाही. रविवारी तुम्ही ती आमच्यासोबत पाहायला येणार, या विचाराने माझं धाबं दणाणलं आहे.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. खरी विनंती एवढीच, की रविवारी येऊ नये. आईंची दुसरी बाही होऊ द्यावी.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत घोटाळा झाला. रांगेत आपल्या मुलाचं भाषण आहे हे आईंना कळलं, आणि आज त्या दुपारभर न झोपता बटणापाशी खुर्ची टाकून बसल्या. फिल्म उतरली. चित्र सुरेख आहे, आवाज मुळीच नाही. तुम्ही ओठ हलवता आणि लोक टाळ्या वाजवतात. म्हणजे ती तुम्हीही पाहिलेली नाही! आईंनी मात्र शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "किती वाळलाय. काय बोलला ते त्याच्याच तोंडून ऐकीन."

तेव्हा रविवारी याच. भाषण आमच्या बैठकीच्या खोलीत पुन्हा करायचं आहे. शेवट तेवढा गलबलून येईल असा करावा, मी तसं आधीच कळवून बसलो आहे.