आठ वाजून दहा मिनिटांचा ताण

३ मार्च, च्यायी शहर
युएश्या, म्हणजे माझी बायको, रोज सकाळी सहाला बागेत एरोबिक्सच्या नावाखाली नाचते. येते आठनंतर. तोवर सोयादूध माझं मीच गरम करायचं. तीस वर्षं रेल्वेचं वेळापत्रक बसवलेल्या माणसावर ही पाळी! हॉस्पिटलात अभ्यास चाललाय: हृदय-श्वास आपोआप चालवणाऱ्या नसा कशाने शांत होतात, थकवा कशाने जातो, भरभर चालण्याने की नाचण्याने. चालणाऱ्यांत नाव दिलं. ताण मोजणारं घड्याळ मिळालं; आकडे थेट हॉस्पिटलात जातात. चालणं जिंकलं की हिचं नाचणं बंद.

४ मार्च, स. ५.३०
निघालो. धुकं. परत आलो.

५ मार्च
गुडघा. डावा असावा.

९ मार्च
अभ्यास चालवणाऱ्या डॉ. ल्यावांचा फोन. म्हणाले, घड्याळ चार दिवस झोपलेलंच दिसतंय. यंत्रात बिघाड असेल, म्हटलं.

१० मार्च
तोडगा सापडला. घड्याळ सहा ते नऊ युएश्याच्या मनगटावर. नाचेल ती, जिंकेल चालणं. म्हणाली, "अहो, ही लबाडी झाली." म्हटलं, नवरा-बायकोचा जीव एकच असतो. बराच वेळ हसत होती.

२ एप्रिल
डॉक्टर खूश. माझ्या नसा तिशीतल्या माणसासारख्या, थकवा निम्मा. चालण्याला तोड नाही. युएश्याला सांगून टाकलं: अहवाल आला की नाचणं बंद. ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी मात्र बोलली.

२० एप्रिल
जिना चढताना दम लागला. हवा बदलतेय.

३० एप्रिल
अहवाल ऐकायला तिलाही मुद्दाम नेलं. आलेख देखणा. सहा ते आठ नसा इतक्या निवांत की डॉक्टरांनी नर्सला बोलावून दाखवलं. मग चेहरा पडला त्यांचा. रोज आठ वाजून दहा मिनिटांनी, घरात पाऊल पडताच, ताण सरळ वर. नऊपर्यंत उतरत नाही. रविवारीसुद्धा.

ते युएश्याकडे वळले. "काकू, रागावू नका. हे घरी आले की यांना कुणी टाकून बोलतं का? अशाने माणूस आतून थकतो."

वाटलं, आता ही सगळं सांगणार. नाही सांगितलं. म्हणाली, "बोलतं खरं. चाळीस वर्षं बोलतंय. सवय होईल असं वाटलं होतं."

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: सकाळचा व्यायाम दोन तास वाढवावा, दहाच्या आत घरी जाऊ नये. चिठ्ठी माझ्या नावाची. घडी करून तिने आपल्या पर्समध्ये ठेवली.

मला लाज वाटली. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मी उभाच राहिलो.