टाळूवरच्या मुंग्या

३ मार्च, सकाळी ७
पतीबंधूंनो, आपण जन्मभर घसा फोडून बोललो, आणि आपल्या बायकांच्या टाळूला मुंग्या आल्या त्या शिंप्याच्या कात्रीने. (डायरीत श्रोते नसतात. पण सवय जुनी. ऑफिसात मला आदराने भोंगा म्हणतात.)
हिचं बीपी वाढलंय. डॉक्टर म्हणाले, घरात शांतता हवी. ही म्हणाली, मग महिनाभर बहिणीकडे जाते. रविवारी बस. तोवर रोज खालच्या शिंप्याकडे जाऊन बसते. कात्री कापडातून चालली की डोक्यापासून मानेपर्यंत गोड मुंग्या येतात म्हणे, नाडी उतरते.
तीस वर्षं सभा गाजवतोय. मुंग्या मीही आणीन.

४ मार्च
लायब्ररीत तीन तास. प्रकरण सोपं आहे. बारीकसारीक, हळू आवाज ऐकताना काहींच्या मेंदूत आनंदाची आणि स्पर्शाची केंद्रंही जागी होत असावीत. कुणी हात न लावता कुरवाळल्यासारखं वाटतं. सगळ्यांना होत नाही. मला झालं नाही, म्हणजे माझा मेंदू कणखर.
उपाय: कुजबुज.

५ मार्च, संध्याकाळी ६
हिच्या कानाशी कुजबुजलो. विषय: कामगारांचे हक्क. शेजारीण धावत आली, म्हणाली, भांडण ऐकू आलं, वहिनी बऱ्या आहेत ना? नाडी ८४ वरून १०२. मेंदूवर परिणाम होतोय हे नक्की.

६ मार्च
स्वतःची कात्री आणली. शिंप्यासारखा आवाज येईना. दोष कापडाचा. ही म्हणाली, तो बेडरूमचा पडदा होता.

७ मार्च
मेव्हणीचा फोन. ताईची खोली तयार आहे, भाऊजी. आणि महिनाभर फोन करू नका, पत्र लिहा.

८ मार्च, रविवार, सकाळी ९
शेवटचं अस्त्र: 'तू का जाऊ नयेस', चौदा पानं. पहिल्याच वाक्याला ही म्हणाली, अहो, बस चुकेल माझी.
संतापून एकेक पान उभं फाडत बसलो. सावकाश. अकराव्या पानाला वर पाहिलं. ही बॅगेला टेकून डोळे मिटून बसलेली. नाडी ७२. म्हणाली, थांबलात का?

सकाळी ११
बस गेली. ही राहतेय. अट एकच: रोज एक भाषण लिहायचं आणि न वाचता फाडायचं. मुद्दे भरपूर घाला म्हणाली, पानं वाढतात.
तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं भाषण आणखी मागितलं.
पतीबंधूंनो, आपलं सर्वोत्तम भाषण आजच बाहेर काढा. तोंड मिटा. आणि उभं फाडा.