हसू नका, साहेब म्हणाला

बा, काल नागपुरात तुझा सिनेमा पुन्हा दाखवला. संपल्यावर एक प्राध्यापक म्हणाले, कष्टकऱ्यांचं जगणं इतकं खरं दुसऱ्या कुणी टिपलं नाही. मी ऐकून घेतलं. तो सिनेमा काढला त्या सकाळी आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी तुझी शिदोरी घेऊन उभी होते.

सागाचं खोड उंच लाकडी घोडीवर चढवलेलं. वर तू, खाली काका, मध्ये दोघांनी ओढायचा लांब आरा. सगळा भुसा खालच्याच्या तोंडावर पडायचा, म्हणून वरच्यानं त्याला हसवत ठेवायचं, ही तुम्हा लाकूड चिरणाऱ्यांची रीत. फोटो निघणार म्हणून तू धुतलेलं धोतर नेसला होतास. सिनेमा काढायला आलेल्या मुंबईच्या साहेबानं आधी धोतराला चिखल फासायला लावला, मग तुझ्या गालांना. कॅमेरा सुरू होतो आणि तू सवयीनं ओरडतोस, "अबे, झोपला का खाली? बायकोले बलावू का आरा ओढाले?" खालून काका, "माही नोको, तुही बलाव! थे तुह्यापेक्षा जोरानं ओढते!" तुम्ही दोघं खदाखदा हसता. साहेब खेकसतो, "हसू नका!" तू आरा थांबवून विचारतोस, "काऊन जी? हसलं तं लाकूड चिरत नाई का?" त्यानं आरा बाजूला ठेवायला लावला. तुला एका झोपडीपुढे डोकं धरून बसवलं.

पुढल्या हिवाळ्यात सिनेमा तंबूत आला. आपली सगळी वस्ती गेली. पडद्यावर तू मान खाली घालून बसलेला, आणि भलत्याच माणसाचा आवाज तुझ्या तोंडून म्हणाला, घरात चूल पेटली नाही. मागून शेजारीण आईला म्हणाली, "काऊन वो बाई, भाऊले जेवाले नाई देत का?" सगळा तंबू हसला. रोज अंधारात उठून चुलीपुढे बसणारी माझी आई तोंडावर पदर घेऊन बाहेर पडली. सकाळी तिनं तुझ्या ताटात भाताचा ढीग वाढला. तू म्हणालास, "आता कोणाले दाखवून रायली?" तिनं ताट उचलून नेलं.

त्यानंतर खोडावर चढलास की तू आधी इकडेतिकडे बघायचास, कुणी परका नाही ना, आणि मगच काकाला हसवायचास. एवढ्यासाठी मी त्या साहेबाला कधी माफ केलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. काल प्राध्यापकांना हे सगळं सुनावायला मी उठले होते. तोंडातून निघालं ते वेगळंच. झोपडीपुढचा तेवढा भाग पुन्हा लावता का, म्हटलं. तुझा एकही फोटो घरात नाही, बा. त्यांनी लावला. चिखलासकट मी तुला पोटभर पाहिलं.