द्वितीयेला पोचलेला मिडफिल्डर

अण्णा,

स्वयंपाकघराच्या दारामागे तुम्ही ठोकलेल्या खिळ्याविरुद्ध मी ही रीतसर तक्रार नोंदवत आहे. कृपया हसू नये, प्रकरण गंभीर आहे. खिळा तुमच्या उंचीला धरून ठोकलाय, माझ्या नाही. शिवाय तो किंचित वाकडा असल्यामुळे त्यावर टांगलेलं प्रत्येक पंचांग गेली चाळीस वर्षं दक्षिणेकडे झुकतं, आणि दक्षिण दिशा कोणाची हे तुम्हीच मला शिकवलंत. मधे दोनदा रंगकाम झालं, दोन्ही वेळा रंगाऱ्यांनी पक्कड लावली, खिळा हलला नाही. दुसरा म्हणाला, "काका, ये निकालेंगे तो दीवार साथ में आएगी." तेव्हा पंचांग अजून तिथंच आहे, आणि ते वाचायला मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कापून शिवलेल्या गुडघ्यानिशी, चवड्यांवर उभा राहतो. गेले नऊ दिवस रोज राहतोय. माझा पंचांगावर विश्वास नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी शुभंकरोती म्हटलं नसेल तितक्या वेळा मी ते तुम्हाला ऐकवलंय.

कारण सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात तीन वर्षांची होती आणि तुमच्या काठीला लाथ मारून पळायची. आता सतरा पूर्ण आहेत. लाथ मारणं सुटलं नाही, फक्त पद्धतशीर झालंय. मधल्या फळीत खेळते, माझ्याच जागी, आणि हे बाप म्हणून नाही, मिडफिल्डर म्हणून सांगतो: माझ्यापेक्षा बरी खेळते. पोर्तुगालमधल्या एका क्लबनं तिला दोन वर्षांसाठी बोलावलंय. अठराला थोडे महिने कमी पडतात, म्हणून पालकाची सही लागते. एका पानाचा फॉर्म आहे. तुमच्या सुनेनं तिच्या जागी पहिल्याच दिवशी सही केली. माझी जागा रिकामी आहे.

"बाबा, झाली सही?"

"पाहतोय."

"काय पाहतोयस? मी हायलायटरनं खूण पण करून दिलीये. आंधळ्याला दिसेल."

"या पंधरवड्यात दिवस बरे नाहीत."

"तू सीरियस आहेस? अरे, आजोबांनी पंचांग बघून तुझी वाट लावली म्हणून तूच आयुष्यभर शिव्या घालतोस ना त्यांना!"

"शिव्या नाही. आक्षेप."

"आई, हा बघ ना गं!"

आक्षेप तुम्हाला पाठ आहे, तरी एकदा लेखी असू दे. मी एकोणीस वर्षांचा. गोव्याच्या क्लबची निवड चाचणी, दोन दिवसांची. मी आघाडीला खेळायचो. आमच्या कॉलेजच्या संघाचे जवळजवळ सगळे गोल माझे. ठाण्याहून सुटणाऱ्या पणजीच्या बसचं तिकीट काढलेलं. तुम्ही याच दारामागे उभं राहून चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "अमावास्येला प्रयाण नको." मी म्हटलं, मग दुसऱ्या दिवशी जातो. तर, "प्रतिपदेला नवा पाठ मी मुलांनाही देत नाही, अनध्याय असतो. द्वितीयेला मैदानावर उतर, उत्तम दिवस आहे." आई मधे पडली. "अहो, तिथे थांबणारेत का त्याच्यासाठी?" तुम्ही म्हणालात, "ज्यांना तो हवा असेल ते थांबतील." कोणी थांबलं नाही, अण्णा. मी चाचणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा कोच शिट्टी पुसत होता. म्हणाला, "फॉरवर्ड सब हो गया. सेंटर में खेलेगा? खेलेगा तो रुक, नहीं तो बस पकड." मी थांबलो. माझी मधली जागा अशी ठरली. कोणाच्या पारखी नजरेनं नाही, कोणत्या गुणामुळे नाही, द्वितीयेमुळे.

मग गोव्यात तीन मोसम, कोलकात्यात चार, ढाक्यात दोन, मालदीवच्या मालेत तीन, मस्कतला एक आणि शेवटचा थिंपूत. हे एका दमात म्हटलं की भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात ढाक्यात मी चिखलात रुतलेले चेंडू सोडवून दुसऱ्यांना नेऊन देत होतो. माले एवढंसं की सामना हरलो की हरवणारे त्याच हॉटेलात शेजारच्या टेबलावर जेवायला. मस्कतला आधीच्या क्लबचा एक कागद आला नाही म्हणून अर्धा मोसम बाकावर बसून काढला, आणि थिंपूत सामन्याच्या उत्तरार्धात माझा श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजायचा. चौदा मोसमांत पेपरात माझा फोटो पाच-सहा वेळा आला असेल. सगळ्यांत गोल करणाऱ्याचा चेहरा आहे आणि कोपऱ्यात माझी पाठ. डोंबिवलीला सुट्टीवर आलो की खालच्या मजल्यावरचे काका विचारायचे, "फुटबॉल का? वा, वा. आणि नोकरी?" अजून विचारतात. सकाळी मी दहावीच्या मुलांना संस्कृत शिकवतो आणि संध्याकाळी बाळकुमच्या टर्फवर लहान मुलांना पास द्यायला, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे शेवटी वडिलांच्याच वळणावर गेलास." मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. तुम्ही मास्तर होतात.

तुम्ही माझा एकच सामना पाहिलात. ठाण्यातला, गोव्याचा संघ खेळायला आला होता तेव्हा. धोतर, छत्री आणि पिशवीत दशम्या. मागे पोरं ओरडत होती, "अरे ए, पुढे मार ना! परत कशाला देतोस?" रिक्षात बसल्यावर तुम्हीही तेच विचारलंत, जरा शुद्ध भाषेत. मी म्हटलं, "अण्णा, क्रमपाठ. दोन पदं पुढे, एक मागे, पुन्हा दोन पुढे. तुम्हीच घोकून घेतलात." मला वाटलं, जिंकलो. स्टेशन आलं तेव्हा उतरता उतरता म्हणालात, "क्रमपाठात शेवटी मंत्र पूर्ण होतो. तुमचा सामना बरोबरीत सुटला." रिक्षावाला हसला. त्याचाही मला राग आहे.

आणि तो पत्रांचा हट्ट. गोव्याला निघताना तुम्ही मला भेट दिलीत ती पंचवीस कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा, प्रत्येकावर घरचा पत्ता तुमच्या हातचा. "मजकूर तेवढा तुझा." मजकूर ठरलेला: येथे सर्व कुशल, तुमचे कुशल कळवावे. त्या पलीकडे काय लिहिणार? कार्डं संपली की तुम्ही नवा गठ्ठा पाठवायचात. पुढे देशाबाहेर गेलो तर ती कार्डं निरुपयोगी झाली, म्हणून मी बूथवरून फोन करायचो, तर तुमचं एकच. "फोनवर काही कळत नाही. पत्र लिही." मालेहून फोन लावायला मी रांगेत तासभर उभा, आणि तुम्ही पलीकडून, "हं, आवाज येतोय. पत्र लिही." निवृत्त मास्तरला तपासायला वह्या लागतात, दुसरं काय, असं मी आईला रागानं म्हणालोसुद्धा.

गेल्या रविवारी माळ्यावर चढलो. तुमची जुनी पंचांगं तिथं आहेत, तुम्हीच सुतळीनं बांधलेली. मला तुमच्या नातीला दाखवायचं होतं की त्या दिवशी बहुधा अमावास्या नव्हतीच. तसं निघालं असतं तर फार बरं झालं असतं. पण अमावास्याच होती. मग नुसताच चाळत बसलो, तर मी देशात होतो त्या दर वर्षाच्या पंचांगात माझी त्या वर्षीची पोस्टकार्डं, ज्या तिथीला आली त्या पानात घातलेली. सगळी सारखी. कोलकात्याच्या दुसऱ्या वर्षातलं एक मात्र हातात राहिलं. तेव्हा सामन्यात माझ्या उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात अडकवलेला, रुग्णालयातल्या खाटेवर बसून मी डाव्या हातानं, जमेल तितक्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, येथे सर्व कुशल. त्या कार्डाच्या कोपऱ्यात तुमची पेन्सिल आहे. दोनच शब्द. "अक्षर वेगळे."

तुम्ही विचारलं नाहीत. दोन महिन्यांनी मी घरी आलो, तुमच्यासमोर बसून गप्पा मारत, हसत जेवलो, उजवा हात ताटाच्या वर जात नव्हता तरी. आईला काही कळलं नाही. तुम्ही वरण वाढून घेतलंत आणि माझ्या भातावरही तुम्हीच वाढलंत. तुम्ही कधी कुणाला वाढत नसत, हे मला परवा माळ्यावर आठवलं. विचारायला काय झालं होतं तुम्हाला? मी सांगितलं नसतं, हे खरं. तरी विचारायचं होतंत.

थिंपूहून मी पोचलो तेव्हा तुमचं सगळं आटोपलं होतं. तिथेही एक दिवस उशीर. आता हे पत्र. कुठे टाकायचं म्हणून यंदाच्या पंचांगात घालून ठेवतोय, आजच्या पानात, फॉर्मच्या खाली.

ती जाणार. सही मी उद्या सकाळी करीन, तिथी न बघता. सुरुवातीला चुकीचे बूट घालेल, थंडीत खेळेल, कुठल्यातरी सामन्यात कोणीतरी तिला आडवं पाडेल, आणि ती मला कळवेल, "ऑल गुड, बाबा." तिनं माझ्यासारखंच वागावं हे ओघानं आलं. व्हिडिओवर चेहरा दिसेल ना रे, असं ती म्हणते. चेहऱ्याचं मला सांगू नये. मी तुमच्यासमोर हसत जेवलेला माणूस आहे. मोबाइलवर डाव्या हातानं टाइप केलं काय आणि उजव्या हातानं केलं काय, अक्षर एकच उमटतं. तुम्हाला कळलं होतं. मला कळणार नाही, अण्णा. नऊ दिवस मी चवडे उंचावून मुहूर्त शोधत नव्हतो, सही लांबवायला निमित्त शोधत होतो. मला तेवढीच भीती वाटते.