जळक्या तेलाचा वास

बाबा,

पिकअप सुरू करू नका. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलायला घेतले, पण नवं तेल कमी पडलं. ते आणायला स्कूटीवरून बाजारात जातेय. गाडीखालचं घमेलं जुन्या तेलाने भरलंय, पाय लागेल.

ते तेल काळं पडलंय, जळका वास येतोय. तुम्ही सांगता तशी रिकामी गाडी देवळापर्यंत नेऊन तेल असं जळत नाही. म्हणजे तुम्ही पावसच्या बागेतून आंब्याच्या पेट्या भरून गाडी चढावर नेताय. तुमच्या डाव्या पायात जोर राहिला नाही म्हणून बिनक्लचची गाडी घेतली, पेट्या वाहायला नव्हे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. भांडायचं त्राण माझ्यातही उरलं नाही. उद्या बागेत जाताना मला उठवा, पेट्या मी उचलीन.

किल्ली शोधू नका, माझ्याकडे आहे.

सानिका